शेजारचा टीव्ही

कतारमधल्या अल खोरच्या फ्लॅटमध्ये आमचा गणपती खिडक्या लावूनच बसायचा; तिथे उघड पूजेला बंदी. झांजसुद्धा दबकत वाजवायची. आणि आरती सुरू झाली रे झाली, की शेजारचा इजिप्शियन नबील नेमका टीव्ही मोठा करायचा. "मुद्दाम करतो मेला," मी दरवर्षी चिडायचे.

कतारला फुटबॉल वर्ल्ड कप भरवायचा मान मिळाला आणि दोनच महिन्यांत कैरोतले लोक रस्त्यावर उतरले. ज्या संध्याकाळी तिथला हुकूमशहा पायउतार झाला, त्या संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात नबील. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"भाभी, ते पितळेचं वाजवता ना तुम्ही, ते द्या! सगळे घरी जमलेत. इथे रस्त्यावर नाही देता येत, निदान घरात तरी घोषणा देऊ!"

मी घाईने विचारलं, "आमची झांज ऐकू येते तुम्हाला?"

"दरवर्षी! खाली कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तर टीव्ही मोठा करतो."

मी झांज त्याच्या हातात दिली. भिंतीपलीकडून पहिली घोषणा उठली, तसा मी रिमोट उचलला. आमच्या टीव्हीवर वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं कौतुक चाललं होतं. आवाज पार शेवटपर्यंत नेला आणि ओरडले,

"अहो, खिडक्या उघडा सगळ्या!"