बिघडलेली झुथो

झासितुओने शिंगाचा पेला हातात घेतला, तशी सेयीनुओची नजर जमिनीला खिळली.

मोड आलेल्या भाताची पांढरी दारू, झुथो, तिनेच मडक्यातून ओतून दिली होती. पाहुणे झासितुओला घेऊन दोन डोंगर ओलांडून आले होते. मुलाने मुलीच्या हातची झुथो संपवली की लग्न पक्कं, असं दोन्हीकडच्या थोरांचं ठरलं होतं. सेयीनुओला कोणी विचारलं नव्हतं. तिचा जीव खालच्या वस्तीतल्या मेगोवर होता, पण बापासमोर ते बोलायची छाती झाली नव्हती. म्हणून पहाटे तिने चुलीतली राख मडक्यात कालवली होती.

"पी रे, लाजतोस काय!" बाप म्हणाला. "असली झुथो तुमच्या गावात मिळायची नाही."

झासितुओ लगेच प्यायला नाही. तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे रडून सुजले होते. मग त्याने एक घोट घेतला, आणि पेला खाली ठेवला.

"मामा, झुथो बिघडलीय. लक्षण बरं नाही. चला, निघू या."

मामा त्याच्यावर डाफरला. पोरगा काही ऐकेना. शाल सावरून तो सरळ बाहेर पडला. पाहुणे उतरणीला लागले आणि बाप त्यांची समजूत काढायला हाका मारत मागे धावला.

सेयीनुओ मटकन खाली बसली. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. हसू येत होतं, डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. मग आईकडे लक्ष गेलं आणि ती ओशाळली.

"आई, हवं तर मार मला. राख मी घातली."

"ठाऊक आहे. एवढं होतं तर मला तरी सांगायचंस, वेडे. मेगोचं मी बघते." आईने झासितुओचा पेला उचलला आणि उरलेली झुथो एका दमात संपवली. "तुझी राखेची झुथो मी सकाळीच डुकरांना घातली. मडक्यात होती ती तुझ्या मावशीकडची. मधासारखी गोड आहे."