उंबऱ्यावरचा खोकला

या, जरा पुढं सरका; चुलीची ऊब तिथवर पोचायची नाही. नूरबेर्दीची गोष्ट सांगतो. तो बघा, विहिरीच्या काठाशी उभा आहे, आणि त्याचा मित्र सापार उंटांना पाणी पाजता पाजता त्याला टोचतो आहे.

"नातवाला चौथं लागलं ना रे? अजून तोंड उघडत नाही?"

"उघडतो की. जेवायला."

"तेवढं माझा उंटही करतो. अरे, पोरानं बोलणं शिकावं कुणाकडून? मुलगा तुझा तिकडे गॅसच्या कारखान्यावर. वहिनी देवाघरी गेल्या. उरली सून, तिच्या तोंडाला रुमालाचं कुलूप. तिला एकदा बोलायची मोकळीक देऊन टाक."

"रीत आहे ती, सापार. माझी आई आजोबांसमोर जन्मात एक शब्द बोलली नाही. म्हणून मी काय मुका निपजलो?"

"मुका नाही, बहिरा निपजलास. माझं ऐकतोस कुठे!"

एरवी नूरबेर्दी या चिमट्यावर हसला असता. आज त्यानं टोपी नीट केली आणि घराची वाट धरली.

वाळवंटाच्या कडेला त्याचं घर एकटंच होतं. उंबऱ्याबाहेर थांबून तो मोठ्यानं खोकला. सासऱ्यानं खोकूनच आत यायचं, म्हणजे सुनेला सावरायला वेळ मिळतो. आत गेला तेव्हा आयजेमाल रुमालाचं टोक दातांत धरून उभी होती. तिनं किटलीकडे बोट केलं, भुवया उचलल्या. चहा हवा का? त्यानं मान हलवली. इतक्या वर्षांत सुनेचा आवाज त्याच्या कानी पडला नव्हता आणि त्याला तिच्या मर्यादेचा अभिमान होता.

छोटा यगमुर आईच्या झग्याला धरून उभा. गप्प. अगदी आईसारखाच.

पोराला ऐकू येत होतं. पाठीमागून टाळी वाजवली की वळायचा, हाक मारली की धावत यायचा. मग जिभेलाच काय झालं होतं? नूरबेर्दी नमाजाला बसायचा, पण मन सोडलेल्या उंटासारखं भटकायचं. गुडघे जमिनीवर टेकलेले आणि जीव त्या चिमुकल्या ओठांवर टांगलेला. एक शब्द, देवा. "आजोबा" नको, नुसतं "पाणी" म्हणाला तरी चालेल. हे मागणं तो मनातल्या मनात मागायचा. पोराच्या कानावर गेलं तर त्याला काय वाटेल?

शेवटी तो शहरात गेला. मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या जेरेनबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ऐकू येतं ना? मग आधी हातांनी बोलायला शिकवा. हात सुटले की कधीकधी जीभही सुटते. नाहीच सुटली तर इथं आणून ठेवा. आम्ही सांभाळू."

"इथं? आईला सोडून?"

"सुट्टीत घरी न्या की."

लोकर कातरून कातरून आखडलेली बोटं. तरी म्हाताऱ्यानं खुणा घटवल्या. भाकरी. पाणी. ये. दुखतंय. घरी येऊन, मूकबधिरांच्या शाळेतल्या जेरेनबाईंनी दिल्यात एवढंच सांगून, नातवाला शिकवल्या, आणि पोरानं त्या अशा उचलल्या की जणू वाटच बघत होता! नवी खूण शिकला की आजोबांच्या नाकासमोर हात आणून सावकाश, मोठी करून दाखवायचा, जणू तोच मास्तर. चहा उकळून किटलीचं झाकण खडखडलं की आजोबांची बाही ओढायचा. लांब कुठं कुत्रं भुंकलं की धावत येऊन दोन्ही हातांनी कुत्रं करायचा. कधी मांडीवर चढून त्यांचे कान धरायचा आणि आत डोकावून बघायचा. म्हातारा खदखदून हसायचा.

सूनही बघून बघून खुणा शिकली. घर हातांनी बोलू लागलं. शब्द मात्र एकही फुटला नाही.

थंडी पडायला लागली तशी नूरबेर्दीची तगमग वाढली. भाकरी गिळवेना. उंटांचं दावं बांधायचं विसरायला लागला. पोराचं वय हातचं चाललं होतं. मायेपायी घरात ठेवून त्याचा जन्म मुका घालवायचा का? एका संध्याकाळी त्यानं भिंतीकडे बघत सांगून टाकलं.

"सूनबाई, उद्या शहरात जेरेनबाईंकडे जातोय. यगमुर बरोबर येईल. त्याचे गरम कपडे बांधून ठेव."

पोराला तिथंच ठेवून येणार, हे मात्र त्याच्यानं सांगवेना. आयजेमालनं मान हलवली, आणि सासऱ्याकडे कळवळून पाहिलं. हिला कळलं, त्याला वाटलं. आईच ती. न सांगता कळलं.

सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली. नूरबेर्दी उंबऱ्याशी गेला. रीतीप्रमाणे खोकायला गेला, पण हुंदका आडवा आला. खोकला काही फुटेना. तो दाराच्या चौकटीला हात टेकून तसाच उभा राहिला.

आत न्याहारी उरकली होती. भांडी गोळा केल्याचा आवाज आला, आणि मग घंटेसारखा एक लख्ख, कोवळा आवाज.

"आई, आज दुवा मी मागू?"

"माग, माझ्या राजा." सुनेचा आवाज. तोही नूरबेर्दी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होता.

"मनात की मोठ्यानं?"

"मोठ्यानं माग."

नूरबेर्दीनं दाराला कान लावला.

"अल्ला, तू सगळ्यांचं ऐकतोस ना? माझ्या आजोबांना काहीच ऐकू येत नाही. मी त्यांना सगळं हातांनी सांगतो. आज आम्ही त्या बाईंकडे चाललोय, त्यांचे कान बरे करायला. तू आजोबांची आठवण ठेव हं."