पांढऱ्या फडक्याची परीक्षा

"सही कर, म्हणजे हे एकदाचं संपेल," धाकटा म्हणाला आणि त्याने कागद दुकानातल्या टेबलावरच्या चामडी पट्ट्यांच्या ढिगावर टाकला.

ताईने आधी कागद उचलला. पट्ट्यांना नुकताच रंग दिलेला होता.

"वाच तरी."

"वाचते. हात तर पुसू दे."

कागद मावशींबद्दल होता. तीन वर्षं बाबांना सांभाळणाऱ्या मावशी त्या संध्याकाळी त्यांना एकटं टाकून गेल्या आणि म्हणून बाबा गेले, असं लिहिलं होतं. मावशींना कामं देणाऱ्या संस्थेत हा कागद पोचला की त्यांचं नाव कायमचं कटणार. पन्नाशी उलटलेल्या बाईला मग कोण दारात उभं करणार?

"औषध संपलं म्हणून गेल्या होत्या रे. अर्धा तास."

"माणूस जायला अर्धा तास खूप झाला. मी गावात असतो तर गोष्ट वेगळी होती."

तो गावात नव्हता हे ताईला ठाऊक होतं. त्या दुपारी तो इथूनच मोटारसायकलवर टांग मारून परगावी निघाला होता. जाता जाता दोरीवर वाळत घातलेले चामडी हातमोजे ओढून घेतले होते.

ते मोजे त्याच्याचसाठी होते. बाबांपायी त्याने दोनदा बदली नाकारली, रात्री जागवल्या, हगणं-मुतणं काढलं. आणि थोरल्या बहिणीकडून त्याला काय, तर हातमोजे. तिला स्वतःचीच लाज वाटली होती, म्हणून निदान रंग तरी खास केला. उरल्यासुरल्या बाटल्या एकत्र करून काळपट जांभळा. पुन्हा कर म्हटलं तर तिलाही जमला नसता.

"अरे, रंग पक्का करणारा सीलर मारायचाय अजून," ती मागून ओरडली होती. "नुसता हात लागला तर ठीक, पण दाबून धरलंस की रंग सुटेल."

"तुझ्या सीलरसाठी थंडी थांबणारे का?" म्हणत तो गेलासुद्धा.

दुकानाचा रिवाज बाबांनी घालून दिलेला. ओलसर पांढरं फडकं घ्यायचं आणि पट्टा असो की पाकीट, शंभर वेळा घासायचं. फडकं पांढरं राहिलं तरच माल दाराबाहेर. लोकांच्या अंगाला लागणारी वस्तू ही. "आपलं पाप गिऱ्हाइकाच्या शर्टावर दिसता कामा नये," असं बाबा म्हणायचे.

"हे घे," धाकट्याने खिशातून मोजे काढून टेबलावर टाकले. "लाव आता काय लावायचं ते. तीन आठवडे डोकं खाल्लंस."

ताईला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने पेन उघडलं.

"मावशी वाईट नव्हत्या पण," ती पुटपुटली. "रोज सहाच्या ठोक्याला उशीला धुतलेला अभ्रा. त्या संध्याकाळीही तो घालूनच औषधाला गेल्या. मी कधी माझ्या घरी इतकं केलं नाही."

"तुझ्या घरी आठवड्याला तरी बदलतेस का?"

"गप रे."

तेवढ्यात लॉन्ड्रीवाला गाठोडं घेऊन आत आला. नेहमीसारखाच कुरकुरत.

"ताई, बाबांच्या चादरी. सगळं निघालं, पण एक अभ्रा काही निघत नाही. तीनदा धुतला. डाग तुमच्याच दुकानातला आहे, मला बोल लावू नका."

"कधीचा अभ्रा?"

"शेवटच्या दिवसाचा. मावशींनी रडत रडत पलंगावरून काढला, तसाच माझ्याकडे दिला."

"फेकून दे ना," धाकटा म्हणाला. "आता काय करायचाय तो? सही कर आधी."

पण ताईचा अभिमान दुखावला होता. तिचा रंग आणि दुसऱ्याच्या कपड्यावर? ती स्वतः तर त्या आठवड्यात बाबांकडे फिरकलीही नव्हती. तिने गाठोडं सोडलं, अभ्रा काढला आणि टेबलावर, त्या कागदावरच पसरला.

तीन धुण्यांनी डाग फिके झाले होते. उशीच्या डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला चार. काळपट जांभळे.

"ताई," धाकटा म्हणाला, "पेन वाळतंय."

तिने पेन मिटलं. डाव्या हाताचा मोजा उचलला, डाव्या डागांवर ठेवला आणि हलकेच सारखा केला.

बोटाला बोट लागलं.