अकरा टाचण्या

जागतिक व्यापाराची सूत्रं १९९७ साली नाशिकच्या कॉलेज रोडवरून हलत होती. असं माझी बायको म्हणायची. तिथे माझे साडू वेणीमाधवराव परक्या मालकांच्या अकरा मालवाहू जहाजांची व्यवस्था पाहत. खलाशी नेमण्यापासून बटाटे भरण्यापर्यंत. भिंतीवरच्या नकाशात अकरा टाचण्या. रोज फॅक्स येताच त्या सरकत. आमचा मुलगा निनाद त्यांच्याकडे लागावा म्हणून भेटायला गेलो. “भावजी जहाजं हलवतात, तुमच्यानं पाटबंधारे खात्यातली फाईल हलली नाही,” बायको पुटपुटली. साडू फोनसाठी आत गेले, तेवढ्यात मी मुंबईजवळची टाचणी उपटून सहारा वाळवंटात खुपसली. फार बरं वाटलं. साडू हसत आले. “साडूबुवा, पेढे काढा! मालक हो म्हणाले. निनाद परवा मुंबईहून निघतोय.” ते नकाशात त्याचं जहाज शोधू लागले. मी घसा खाकरला. “तेवढी सहारातली टाचणी पाण्यात ठेवता का?”