दाव्याला बांधलेला माउस

ग्रंथालयाच्या नव्या बिनवायरच्या माउसला नाफडेबाई सुतळी बांधत होत्या. नोंदवहीच्या पेनाला असते तीच सुतळी, आणि दुसरं टोक टेबलाच्या पायाला.

"बाई, वायरीचा जाच जावा म्हणून तर हा आणला," हसून हसून बेजार झालेला सहायक मगदूम म्हणाला. "आता अध्यक्ष बघायला येतील. काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत." बाईंनी गाठ ओढून पाहिली. या खुर्चीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यात पेनं किती गेली, ते त्यांनाच ठाऊक.

अध्यक्ष भोईटेसाहेब समारंभापुरता असलेला कोट घालून आले. सुतळी त्यांच्या लक्षातही आली नाही. माउस हातात घेऊन ते तंत्रज्ञानावर बोलायला लागले ते थांबेचनात. आता माणूस मोकळा झाला, असं दोनदा म्हणाले. मग चहा आल्याचं कळताच सवयीने हातातली वस्तू खिशात टाकून दाराकडे निघाले.

चौथ्या पावलाला कोट मागे राहू लागला.

मगदूमचं हसू बंद झालं. साहेबांनी वळून आधी सुतळीकडे, मग बाईंकडे पाहिलं आणि खिशात हात घातला. माउस बाहेर आला. त्याच्या सुतळीत गुरफटून, दिवाळीच्या कार्यक्रमात हरवलेला ग्रंथालयाचा शिक्काही आला.

"म्हटलं, माझ्याकडे सुरक्षित राहील," साहेब पुटपुटले.

"हो ना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ड्रॉवरमधून उरलेली सुतळी काढली.