आवडीचं जपानी

कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली आवडी आश्रमशाळेत तीन वर्षं जपानी शिकली. वर्गात पडदा लावला होता, त्यावर पुण्याच्या बाई शिकवायच्या. "ही भाषा आली की थेट परदेशात नोकरी," असं उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले होते. आवडीने स्नेहसंमेलनात जपानीतून भाषणही केलं. बारावीनंतर नोकरी मिळाली ती खालापूरजवळच्या एका कारखान्यात, पॅकिंगला, कंत्राटावर. एका सकाळी दोन जपानी पाहुणे मॅनेजरबरोबर आले आणि आवडीच्या मागेच थांबून आपापसात बोलू लागले. नवी यंत्रं बसली की या चाळीस बायका लागणार नाहीत, असं त्यांतला थोरला म्हणाला. आवडीला शब्द न् शब्द कळला. तिचे हात थांबले. तिने वळून जपानीतच विचारलं, "कोणत्या महिन्यापासून?" दोघे दचकले. मग हसले, तिच्यापुढे वाकले, उच्चार किती स्वच्छ आहेत, कुठे शिकलीस, म्हणाले. मॅनेजरने घाईघाईने तिला दोघांच्या मध्ये उभं करून फोटो काढला. तिने पुन्हा तेच विचारलं. थोरल्याने घड्याळ पाहिलं आणि ते पुढे गेले. शेजारच्या जयाताईने नुकतंच लेकीचं नाव कॉलेजात घातलं होतं. तिने हळूच विचारलं, "काय गं, काय बोलत व्हते ते?" आवडीने समोरचा खोका जवळ ओढला. "माझं जपानी चांगलं हाय म्हनाले," ती म्हणाली.