पाठवणीची धून

आप्पांनी क्लॅरिनेट पिशवीतून काढली आणि विरेशनं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत त्याच्या बहिणीची, भुवनेश्वरीची पाठवणी होती. म्हणजे आता ती धून वाजणार.

आप्पांची, म्हणजे मुरुमच्या बँडवाल्या विरुपाक्ष मास्तरांची ती धून साऱ्या उमरगा तालुक्याला ठाऊक होती. आधी नुसता मोठा ढोल, संथ, एकेक ठोका मोजून. लोक म्हणायचे, ही नवरीची जड पावलं. मग त्यावर क्लॅरिनेट यायची आणि ज्यांचा त्या लग्नाशी काडीचाही संबंध नाही असे वाढपीसुद्धा हातातलं पातेलं खाली ठेवून डोळे पुसायचे. चाळीस वर्षं मास्तरांनी लोकांच्या लेकी या धुनेवर सासरी धाडल्या होत्या. आज स्वतःची लेक होती.

धून आणली विरेशच्या आजोबांनी. ते निजामाच्या लष्करी बँडात वाजवायचे. कागद नाही, नाव नाही. त्यांनी ती कानानं आणली आणि कानानंच लेकाला दिली.

तिचा ठावठिकाणा विरेशला लागला तो गेल्या महिन्यात, पुण्यात. तिथं तो पाश्चात्त्य संगीत शिकत होता. सर सांगत होते की, संगीतकार कितीही मोठा होऊ दे, त्याचं गाव त्याच्या सुरांतून जात नाही. एक होता गाडीची चाकं करणाऱ्याचा मुलगा. त्यानं खेड्यातले नाच राजवाड्यात नेऊन बसवले. दुसरा खाटकाच्या घरचा. त्याच्या भल्यामोठ्या रचनांत त्याच्या मुलखातली नाचगाणी सापडतात. मग सरांनी तिसऱ्याची एक रचना लावली. त्याच्या गावात कुणी वारलं की चर्चची घंटा संथ टोले द्यायची. लहानपणी ऐकलेले ते टोले त्यानं सुरांत उतरवले. पुढं फौजांनी ती रचना उचलली. शवपेटीमागून चालताना ती वाजवतात, असं सर म्हणाले. वर्ग शांतपणे ऐकत होता. विरेशचे कान मात्र तापले. ही तर आप्पांची पाठवणी.

तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. चाळीस वर्षं ज्या धुनेनं बापाला मास्तर केलं ती मयताची आहे, हे बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि खरी भीती तर पुढंच होती. नवरदेवाचे मामा, आळंदचे गौरीशंकर, फौजेच्या बँडातून निवृत्त झालेले. तीस वर्षं क्लॅरिनेटच वाजवलेली. दुसऱ्या सुराला ते ओळखणार यात शंका नव्हती. त्यात नवरदेवाची आई इरम्मा. सकाळी वाऱ्यानं समई विझली, तर या बाईंनी सगळा विधी पहिल्यापासून करायला लावला होता. सून मयताच्या धुनेवर उंबरा ओलांडून आली हे त्यांना कळलं, तर पुढं घरात दूध नासलं तरी खापर भुवनेश्वरीच्या माथी फुटणार. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जन्मभर.

विरेश शेवटी धीर करून आप्पांजवळ गेला.

“आप्पा, आज ती धून नको. ती मयताची हाय.”

आप्पांनी मान वर केली नाही. “ठावं हाय मला,” ते म्हणाले आणि त्यांनी ढोलवाल्याला खूण केली.

ठाऊक असून? पोटच्या लेकीला? विरेशला आप्पांचा राग आला, इतका की क्लॅरिनेट हातातून ओढून घ्यावी. पण पहिला ठोका पडला होता.

भुवनेश्वरी मांडवातून बाहेर आली. बाकीच्या नवऱ्या या धुनेवर रडत रडत गाडीकडं चालू लागत. ती चालली नाही. आईचा हात सोडून ती आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. आप्पा तिच्याकडं बघत वाजवत राहिले आणि ती ऐकत राहिली. गाडीवाल्यानं हॉर्न दिला, तरी ती हलली नाही.

तिकडं गौरीशंकर मामा खुर्चीतून उठले. टाचा जुळवून, हात सरळ खाली सोडून ताठ उभे राहिले. ओळखलं त्यांनी. आणि नेमकं तेच इरम्मांच्या नजरेला पडलं. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पदर सावरत त्या तरातरा भावाकडं निघाल्या.

धून संपली. ढोल थांबला तसा इरम्मांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“असा का उभारलास रे गौरी? कशाची धून हाय ही?”

विरेशनं लांबूनच मामांना हात जोडले. मामांनी ते पाहिलं. मग त्यांनी मास्तरांकडं पाहिलं आणि त्यांच्यासमोर अजून तशाच उभ्या असलेल्या भुवनेश्वरीकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“अक्का, फौजेत ही धून आमी शंभरदा वाजवली,” मामा म्हणाले. “पण ज्याच्यासाठी वाजवायची, त्याला ती ऐकू आलेली आज पैल्यांदा बघतोय.”